चाक तापते? नवे पॅड टाकण्याआधी कॅलिपर पाहा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्या तयार होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. टेल्कोने (२००३ पासून टाटा मोटर्स) डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीची इंडिका बाजारात आणली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. हीच गाडी जुनी झाली की आपल्या बांधवांच्या गॅरेजात येते, नाहीतर मालाच्या फेऱ्या मारायला आपल्याच दारात उभी असते. तिच्या एका दुखण्यावर पैसा वारंवार वाया जाताना आम्ही पाहतो. पुढचे एक चाक तापते, पॅड लवकर झिजतात, मिस्त्री नवे पॅड टाकतो, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. अशा वेळी दोष बहुधा कॅलिपरचा असतो.

ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे येऊन आतला पॅड डिस्कवर दाबतो. कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढल्यावर पिस्टनला मागे नेणारी स्प्रिंग तेथे नसते. ताणलेले रबरी सील मूळ जागी येताना त्याला केसभर मागे ओढते, बस्स. पावसाळ्यात रबरी बूट फाटून चिखल-पाणी आत गेले आणि पिन गंजली, की ही केसभर हालचालही बंद होते.

घरी तपासणे अवघड नाही. दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत, गाडी चालवा. मग हाताची मागची बाजू चारही चाकांजवळ न्या. हात टेकवू नका. समोरासमोरच्या जोडीतले एकच जास्त तापले असेल तर तेथे ब्रेक धरून बसला आहे. गाडी थंड झाल्यावर सपाट जागी चाक उचला, घोडी लावा (नुसत्या जॅकवर विसंबू नका), चाक उतरवा. एकाच कॅलिपरचे दोन पॅड कमी-जास्त झिजलेले दिसले तर पिन किंवा पिस्टन अडकतो आहे. पिना हाताने सरकल्या पाहिजेत.

पिना मोकळ्या, तरी चाक जाम? मग जाम असतानाच निपल किंचित सैल करा. तेल सुटून चाक मोकळे झाले तर दाब कोठेतरी अडकून राहत होता. पुष्कळदा रबरी होज आतून फुगलेला असतो. तेल सुटूनही जाम असेल तर पिस्टनच धरला आहे. निपल उघडल्यावर हवा काढावीच लागते.

आता आमच्या कारागीर बांधवांशी थोडे स्पष्ट बोलतो. कॅलिपर पेट्रोल-डिझेलने धुणे आणि पिनांना साधे ग्रीस चोपडणे ही वाईट सवय आहे. ब्रेकची रबरे पेट्रोलियमच्या मालाने फुगतात. आज मोकळी केलेली पिन काही दिवसांत जास्त घट्ट बसते. ब्रेकसाठी बनवलेले सिलिकॉन ग्रीसच वापरा. ते महाग वाटते, पण गिऱ्हाईक आपल्या बायको-मुलांना त्याच गाडीत बसवून खंबाटकीचा घाट उतरणार असतो. ती अमानत आहे.

कुदळवाडी-चिखलीतील भंगाराची दुकाने महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. तो विषय स्वतंत्र लेखाचा. जुना कॅलिपर कोठूनही घ्या, पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवे किट टाकूनही तो गळेल.

प्रत्येक आवाज ब्रेकचा नसतो. ब्रेक न मारता ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरले तर आधी बॅलन्सिंग पाहा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर बेअरिंगची असू शकते. फक्त ब्रेक मारतानाच पेडल धडधडत असेल तर डिस्क तपासा.

मागच्या चाकाला डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्या घरी उघडू नयेत. त्यांचा पिस्टन मागे घ्यायला आधी यंत्राने आज्ञा द्यावी लागते.

काम झाले की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले पेडल सरळ खाली जाते आणि गाडी दाराबाहेरच्या भिंतीवर जाते. नट आडवे-तिरपे आवळा, पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा, आणि त्याच वेळी चाकांची ऊबही पुन्हा पाहून घ्या.