प्रोपेलरची निवड आणि नौकेचा वेग
अमेरिकेतील सरोवरांवर बास मासा धरण्यासाठी धावणाऱ्या नौकेचा कमाल वेग वाढवू पाहणाऱ्याने, अधिक अश्वशक्तीच्या इंजिनावर खर्च करण्यापूर्वी, प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितके इंच पुढे सरकेल ते अंतर, तपासावा. इंजिनाचे मिनिटाला ६००० फेरे, १.७५ गिअर-प्रमाण आणि २५ इंच पिच असता गणिताने ताशी ८१ मैल येतात. परंतु पाणी निसटते, आणि शेकडा १० घट धरल्यास ७३ उरतात. पिच वाढविला की वेग वाढलाच, हा समज मात्र सर्वस्वी भ्रामक आहे. कारण एका इंचामागे इंजिनाचे सुमारे १५० ते २०० फेरे घटतात, आणि पूर्ण थ्रॉटलला निर्मात्याने मुक्रर केलेल्या मर्यादेचे वरचे टोक गाठता आले नाही, तर शक्ती व्यर्थ जाते. प्रोपेलरच्या धातूविषयी म्हणाल, तर ॲल्युमिनियमच्या पात्यांहून कमी लवणारी, पातळ पोलादी पाती मी निःसंशय श्रेयस्कर मानतो.