भोसरीकरांचा गुरुवार : मेट्रोने मंडई, केळकर संग्रहालय आणि पेठेतले जेवण, एका दिवसात कसे जमवाल?

पिंपरी-चिंचवड : पुण्याचा रविवार आणि भोसरी एमआयडीसीचा रविवार एकच नसतो. इथल्या बहुतांश कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलांची शाळा मात्र रविवारी बंद. त्यामुळे आई किंवा वडील कंपनीत असलेल्या अनेक घरांत वर्षभर सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळत नाही. मे महिन्याच्या सुट्टीतले मोजके गुरुवार याला अपवाद. हा दिवस मॉलमध्ये न घालवता संग्रहालय आणि बाहेरचे जेवण असा बेत करायचा असेल, तर काय माहीत असायला हवे?

जायचे कसे?

मेट्रो भोसरी गावातून जात नाही. सर्वांत सोयीचे स्थानक नाशिक फाटा. सुरुवातीला या स्थानकाचे नाव ‘भोसरी’ असेच होते, पण ते गावापासून काही किलोमीटरवर असल्याने अनेकांची गफलत होत असे. भोसरीहून बसने किंवा रिक्षाने नाशिक फाटा गाठायचे आणि स्वारगेटकडे जाणारी मेट्रो पकडायची. २९ सप्टेंबर २०२४ पासून ही मार्गिका स्वारगेटपर्यंत सुरू आहे. मंडई स्थानकात उतरेपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. शिवाजीनगरपासून पुढचा प्रवास जमिनीखालून होतो, लहान मुलांना त्याचेच अप्रूप असते. मंडईतून बाजीराव रस्त्याकडे चालत गेले की शुक्रवार पेठेत, नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे.

हेच संग्रहालय का?

इथे राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, अडकित्ते, कुलपे, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे. अडकित्ता म्हणजे साधी तरफ, पण प्रत्येक कारागिराने तिला वेगळा आकार दिला. कुठे पक्षी, कुठे घोडा. दिवसभर लेथवर किंवा डायसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला ही दालने जरा जास्तच कळतात. धातू कसा ओतला असेल, बिजागरी कशी बसवली असेल, हे तो मुलांना फलक न वाचताही सांगू शकतो.

हा संग्रह एका माणसाने उभा केला. डॉ. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. साधारण १९२० पासून त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९६० पर्यंत संग्रह सुमारे १५ हजार वस्तूंवर गेला. १९७५ मध्ये त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ ही पदवी नाही. लहान वयात गेलेल्या त्यांच्या मुलाचे ते नाव आहे. मुलांना आत नेण्यापूर्वी एवढे सांगितले, तर त्यांचे बघणे बदलते.

आज संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या आहेत. तेवढ्यासाठीही किमान दोन तास हवेत. ‘मस्तानी महाल’ चुकवू नका. बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या वाड्याचे अवशेष इथे आणून हे दालन उभारले आहे.

जेवायचे कधी?

पेठांतल्या खानावळींचे घड्याळ कडक असते. दुपारची ताटे ठरावीक वेळेनंतर बंद होतात. त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास संग्रहालय गाठून साडेबारापर्यंत बाहेर पडणे सोयीचे. टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंगसारख्या जुन्या खानावळीत घरगुती थाळी मिळते. नंतर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानी आहे. आटवलेले दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, असा हा पुण्याचा खास ग्लास. सकाळी महालात वाचलेले नाव दुपारी ग्लासात दिसले की मुले ते विसरत नाहीत.

बिलात काय तपासाल?

- संग्रहालयाच्या प्रवेश शुल्कावर जीएसटी नाही. तिकिटावर लिहिलेली रक्कमच द्यायची.
- साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, एसी असो वा नसो. ८०० रुपयांच्या जेवणावर ४० रुपये, म्हणजे एकूण ८४०.
- लहान हॉटेल ‘कंपोझिशन’ योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तसे बिलावर छापलेले असते.
- ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नाही आणि तो बंधनकारकही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो आपोआप बिलात लावण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली.

फरक किती पडतो? त्याच ८०० रुपयांवर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि दोन्हींवर जीएसटी आकारला, तर बिल ९२४ रुपये होते. म्हणजे ८४ रुपये जास्त, साधारण एका माणसाच्या परतीच्या प्रवासापेक्षाही अधिक. असा चार्ज दिसला तर आधी काउंटरवर तो काढायला सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

निघण्यापूर्वी

संग्रहालयाची वेळ आणि तिकीट दर बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करावी. मुले फारच लहान असतील आणि मेट्रोचा प्रवास नको असेल, तर चिंचवडचे सायन्स पार्क जवळ पडते. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या, की पुन्हा मुलांचा रविवार वेगळा आणि घरातल्या कामगाराचा गुरुवार वेगळा. तोवर कॅलेंडरवर एक गुरुवार आत्ताच ठरवून ठेवलेला बरा.