एकच प्रकाश, दोन वाटा

एकाच रुग्णाच्या रक्ताचे दोन प्रयोगशाळांतून दोन वेगळे रिपोर्ट आले, तर डॉक्टर आधी दोन्ही ठिकाणी फेरतपासणी करून घेतात. तरीही फरक राहिला, तर निराळ्या पद्धतीची तिसरी तपासणी सांगतात. विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांवर सध्या अशीच वेळ आली आहे.

दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. या प्रमाणाला हबल स्थिरांक म्हणतात. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारण टिपणाऱ्या ‘प्लँक’ उपग्रहाच्या नोंदींवरून तो ६७.४ येतो. म्हणजे अंतर ३२.६ लाख प्रकाशवर्षांनी वाढले, की वेग सेकंदाला ६७.४ किलोमीटरने वाढतो. जवळच्या विश्वातील सेफीड तारे आणि सुपरनोव्हा यांच्या आधारे मोजले, तर उत्तर येते सुमारे ७३. फेरतपासण्या झाल्या, पण फरक मिटला नाही. दोन्ही मोजण्या बरोबर असतील, तर विश्वाविषयीच्या आपल्या सिद्धांतातच काहीतरी राहून गेले आहे. म्हणून तिसऱ्या तपासणीला महत्त्व आले. ती तपासणी गुरुत्वीय भिंगाची.

जड वस्तूजवळून जाताना प्रकाश वळतो. सूर्याजवळ असे घडते, हे १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात दिसून आले. एखाद्या दूरच्या क्वासारच्या आणि आपल्या मध्ये मोठी दीर्घिका आली, तर ती भिंगासारखे काम करते आणि एकाच क्वासारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. अशी पहिली जोडी १९७९ मध्ये डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वेमन यांना सापडली. शेजारी दिसणारे दोन ठिपके प्रत्यक्षात एकच क्वासार होते.

अंतर मोजण्यासाठी याचा उपयोग करता येईल, हे नॉर्वेचे शूर रेफ्सडाल यांनी त्याआधी पंधरा वर्षे, १९६४ मध्येच सांगितले होते. त्यांची कल्पना साधी आहे. आकाशात आपल्याला फक्त कोन मोजता येतात. त्यावरून सगळ्या रचनेचा नकाशा काढता येतो, पण त्या नकाशाला प्रमाणपट्टी नसते. तीच रचना दुप्पट मोठी आणि दुप्पट दूर असली, तरी दिसायला सारखीच. मात्र प्रतिमांचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी येतो. एक वाट थोडी लांबची असते, शिवाय दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाला कमी-अधिक विलंबही होतो. क्वासारचे तेज कमी-जास्त होत असते. एका प्रतिमेत दिसलेला चढ-उतार दुसऱ्या प्रतिमेत किती दिवसांनी दिसतो, हे मोजले की नकाशाला प्रमाणपट्टी मिळते. तिच्यावरून अंतर आणि अंतरावरून हबल स्थिरांक. यात सेफीड तारे लागत नाहीत आणि बाल्यावस्थेतील प्रारणही लागत नाही.

कल्पना साधी असली, तरी काम चिकाटीचे आहे. १९७९च्या त्या जोडीतील विलंब ४१५ दिवसांचा की ५३६ दिवसांचा, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर १९९७ मध्ये सुमारे ४१७ दिवसांवर शिक्कामोर्तब झाले. सुमारे ९०० कोटी वर्षांच्या प्रवासात एवढाच फरक! लडाखमधील हानले येथील दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही या कामात वाटा आहे. तिने आणि इतर दुर्बिणींनी काही वर्षे नोंदी ठेवल्यानंतर एका जोड-क्वासारमधील सुमारे ११९ दिवसांचा विलंब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

रेफ्सडाल यांनी मुळात विचार केला होता तो सुपरनोव्हाचा. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅट्रिक केली यांना हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एकाच सुपरनोव्हाच्या चार प्रतिमा दिसल्या. त्याला रेफ्सडाल यांचेच नाव दिले गेले. दीर्घिकासमूहातून लांबच्या वाटेने येणारी आणखी एक प्रतिमा पुढे दिसेल, असे भाकीत अनेक गटांनी आधीच प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २०१५च्या अखेरीस त्या जागी काही नव्हते. ११ डिसेंबरला ती प्रतिमा तिथे होती.

मग हबल स्थिरांक किती? २०१९-२० मध्ये सहा भिंगांवरून ‘होलिकाऊ’ या गटाने ७३.३ हे उत्तर दिले. नव्या औषधाच्या चाचणीत कोणाला औषध आणि कोणाला साधी गोळी हे झाकून ठेवतात, तसे या गटाने बहुतेक भिंगांच्या बाबतीत गणित पूर्ण होईपर्यंत उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवले होते. मनात असलेल्या आकड्याकडे गणित झुकू नये, हा हेतू.

तरीही एक अडचण उरली. भिंग बनलेल्या दीर्घिकेतील बहुतेक वस्तुमान कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणारे. त्याची मांडणी थोडी वेगळी धरली, तर प्रतिमा जागच्या जागी राहतात, पण स्थिरांक बदलतो. २०२० मध्ये याच क्षेत्रातील संशोधकांनी मांडणीविषयीचे गृहीतक सैल केले, तेव्हा अनिश्चितता दोन टक्क्यांवरून सुमारे आठ टक्क्यांवर गेली. इतर दीर्घिकांची माहिती जोडल्यावर उत्तर ६७.४ पर्यंत खाली आले. २०२३ मध्ये सुपरनोव्हा रेफ्सडालवरून ६५ ते ६७ च्या दरम्यानचे आकडे मिळाले. दीर्घिकेतील ताऱ्यांचे वेग जेम्स वेब दुर्बिणीसारख्या साधनांनी मोजून वस्तुमान ताडून पाहिल्यावर २०२५ मध्ये सुमारे ७२ हे उत्तर आले, पण त्यातही चार-पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते.

थोडक्यात, तिसऱ्या तपासणीचा रिपोर्ट अजून दोन्ही बाजूंना चालेल असाच आहे. निकाल लागायचा तर अनिश्चितता एक-दोन टक्क्यांवर यायला हवी आणि त्यासाठी भिंगांची संख्या वाढायला हवी. चिलीतील रुबिन वेधशाळा आणि युरोपचा युक्लिड उपग्रह आता तीच शोधत आहेत. प्रत्येक नव्या भिंगामागे मात्र काही महिने ते काही वर्षे, रात्रीमागून रात्री, तेजाची नोंद ठेवावी लागेल. दुसऱ्या वाटेने निघालेला प्रकाश पोहोचेपर्यंत थांबण्याला दुसरा पर्याय नाही.