जुने पकड वॉरंट आणि वकिलाचे काम

२०१८ साली एलुल महिन्यात, क्वीन्समध्ये राहणारे आपल्या समाजातील एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. हातात जुने सिद्दूर होते. त्यातून त्यांनी घडी घातलेला गुलाबी कागद काढला आणि हलक्या आवाजात विचारले, "मास्तर, मला बेड्या घालतील का?"

कागद २००८ सालचा होता. उन्हाळ्यात उद्यानात मंडळी सहलीला जमली असता यांच्या हातात बिअरची उघडी बाटली होती. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक जागी तसे चालत नाही. पोलिसाने समन्स लिहून दिले आणि तो निघून गेला. तारखेच्या दिवशी हे मुंबईला, आजारी बहिणीच्या उशाशी होते. परत आल्यावर भीतीने कोर्टात गेलेच नाहीत. कबूल करून मोकळे झाले असते तर २५ डॉलर दंडावर निभावले असते. त्याऐवजी दहा वर्षे अश्दोदच्या मुलीकडे गेले नाहीत. विमानतळावर धरतील या धास्तीने, गुडघे दुखतात असे तिला सांगत राहिले. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी ही हकिकत आम्हाला लिहू दिली आहे, कारण अशी भीती पोटात घेऊन बसलेले ते एकटेच नसावेत.

समन्सवर दिलेल्या तारखेला माणूस हजर झाला नाही, तर न्यायाधीश त्याच्या नावे वॉरंट काढतो. आसनावरूनच काढतो म्हणून तिकडे त्याला बेंच वॉरंट म्हणतात. गुन्ह्याचा संशय म्हणून पोलिसांच्या अर्जावरून निघते ते अटकेचे वॉरंट निराळे. दोहोंत एक गोष्ट सारखी. ती काळाने मरत नाहीत. "इतकी वर्षे कोणी आले नाही, म्हणजे विषय संपला" असे आपल्याकडे समजतात, ते खोटे आहे. किरकोळ वॉरंटासाठी पोलीस सहसा घरी येत नाहीत, एवढेच. पण रस्त्यात गाडी थांबवली, परदेशाहून परतताना नाव तपासले, की जुना कागद वर येतो आणि माणसाला कोठडीत बसावे लागते. शुक्रवारी दुपारी तसे झाले तर शब्बाथ कुठे जाईल, त्याचा विचार करा.

या गृहस्थांचा एक गैरसमज वर्तमानपत्राने वाढवला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्स या चार विभागांच्या सरकारी वकिलांनी न्यायालयाकडून अशी सुमारे ६ लाख ४४ हजार जुनी वॉरंटे एकदम रद्द करून घेतली. रात्री उद्यानात शिरणे, फुटपाथवरून सायकल चालवणे, उघड्यावर मद्य पिणे, असल्या गोष्टींची ती होती. स्टेटन आयलंडच्या सरकारी वकिलांनी मात्र त्यात भाग घेतला नाही. जावयाने बातमी वाचून दाखवली तेव्हा यांना वाटले, सुटलो. पण ती माफी दहा वर्षे वा त्याहून जुन्या वॉरंटांना होती, आणि यांचे नऊ वर्षांचे! म्हणून सांगतो, बातमीवर विसंबू नये. स्वतःचे नाव कोर्टाच्या दप्तरात काय म्हणते ते पाहावे लागते.

ते पाहण्यासाठीच वकील हवा. आपण होऊन पोलीस ठाण्यात विचारायला गेलात आणि वॉरंट निघाले, तर तिथेच ताब्यात घेतील. वकील मात्र नाव आणि जन्मतारीख घेऊन कोणत्या कोर्टाचे, कोणत्या कलमाचे, कधीचे वॉरंट आहे ते काढतो. त्याला सांगितलेली जुनी गोष्ट त्याने बाहेर फोडता कामा नये, असा कायदा आहे. या गृहस्थांनी पत्नीलाही दहा वर्षे न सांगितलेले वकिलाला पहिल्या दहा मिनिटांत सांगितले.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर? क्लॅरेन्स गिडियन नावाच्या फ्लोरिडाच्या एका गरीब कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला. त्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरवले की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे. पुढे तुरुंगवास होणाऱ्या लहान गुन्ह्यांनाही ते लागू झाले. न्यूयॉर्कमध्ये लीगल एड सोसायटी ही संस्था १८७६ पासून गरिबांसाठी हे काम करते. मात्र इमिग्रेशनचे फॉर्म भरून देणारा म्हणजे वकील नव्हे. आपले लोक इथे फसतात.

वॉरंट किरकोळ असेल तर वकील अशिलाला घेऊन आपण होऊन न्यायाधीशापुढे उभा राहतो आणि ते मागे घ्यायची विनंती करतो. धरून आणलेला माणूस आणि पायांनी चालत आलेला माणूस यांत न्यायाधीश फार फरक करतात. वॉरंट मोठ्या गुन्ह्याचे असेल तर वकील आधी पोलिसांशी बोलून हजर होण्याचा दिवस ठरवतो. न्यूयॉर्कमध्ये अटक झालेल्याला साधारण २४ तासांत न्यायाधीशापुढे आणतात, तरी औषधांची यादी आणि डॉक्टरांचे पत्र वकिलाजवळ द्यावे. वॉरंट दुसऱ्या राज्यातले असेल तर वकीलही त्याच राज्यातला शोधावा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लहान गुन्ह्यांसाठी अनेकदा वकील एकटा उभा राहिला तरी चालते, म्हाताऱ्या माणसाला प्रवास पडत नाही.

वॉरंट मिटले म्हणजे खटला मिटला, असे मात्र नव्हे. मूळ खटला तेव्हा पुन्हा उभा राहतो. घाईने "हो, केले" म्हणू नये. ग्रीन कार्डवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण काही गुन्ह्यांच्या कबुलीने देशाबाहेर काढतात. तो धोका अशिलाला सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया खटल्यात ठरवले.

वॉरंट आपले नसतानाही त्रास होतो. कॅलिफोर्नियातील रोझा मार्टिनेझ या अपंग बाईंचे सोशल सिक्युरिटीचे पैसे २००८ साली बंद झाले, कारण मायामीमध्ये १९८० साली निघालेले एक वॉरंट. बाई मायामीला कधी गेल्याच नव्हत्या, आणि वॉरंटमधली रोझा मार्टिनेझ त्यांच्यापेक्षा आठ इंचांनी उंच होती! वकिलांनी दावा लावला. २००९ च्या तडजोडीत सरकारने मान्य केले की नुसते जुने वॉरंट आहे म्हणून कोणाचे पैसे थांबवायचे नाहीत, पळून जाण्यासारखे ठरावीक गुन्हे असतील तरच. ज्यांचे पैसे थांबवले होते अशा हजारोंना त्यानंतर परत मिळाले. असे पत्र आले तर मुदतीच्या आत अपील करावे. पत्र खणात ठेवू नये.

आणि फोन? "तुमच्या नावे वॉरंट आहे, तासाभरात पैसे भरा" असे कोणी फोनवर म्हणाले तर खाली ठेवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरांवर धाड घातली. तिथली पोरे अमेरिकन प्राप्तिकर अधिकारी बनून तिकडच्या म्हाताऱ्यांना अटकेची भीती घालत आणि गिफ्ट कार्डांनी पैसे उकळत. आपल्या ठाण्याच्या इतक्या जवळ हे चालले होते, याची आम्हाला लाज वाटली. खरे कोर्ट गिफ्ट कार्ड मागत नाही.

आमचे गृहस्थ दारफाळणीचा सण होईपर्यंत थांबले. सिमहात तोरा झाल्यावर एका मंगळवारी सकाळी वकिलाबरोबर क्यू गार्डन्सच्या फौजदारी कोर्टात गेले. पत्नीही बरोबर होती, तिला आदल्या रात्री सांगितले होते. पुकारा व्हायला दोन तास लागले, काम चार मिनिटांत झाले. न्यायाधीशाने वॉरंट मागे घेतले आणि सहा महिने दुसरी तक्रार न आल्यास खटला काढून टाकू असे सांगितले. एप्रिल २०१९ मध्ये तो निघाला. वकिलाने निकालाच्या दाखल्याच्या शिक्क्याच्या दोन प्रती काढायला लावल्या, कारण पुढे नागरिकत्वाच्या अर्जात विचारतील तेव्हा लपवायचे नाही, दाखवायचे. एक प्रत घरी ठेवली, दुसरी पासपोर्टाबरोबर पिशवीत. त्या वर्षी पेसाहला ते अश्दोदला होते. मुलीने गुडघ्यांची चौकशी केली तेव्हा त्यांनी तिला दाखला वाचायला दिला.