निदान चुकले, दाद कुठे मागावी?

ताप आला. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, आठवडाभर औषधे झाली आणि मग दुसऱ्या दवाखान्यात कळले की तो मलेरिया होता. अशा वेळी दोन प्रश्न पडतात. पहिल्या डॉक्टरांचा दोष होता का? असेल तर दाद कुठे मागायची?

आधी पहिला प्रश्न पाहू. निदान हे हाती असलेल्या पुराव्यावरून काढलेले अनुमान असते. टायफॉइड, मलेरिया आणि डेंग्यू यांची सुरुवातीची लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. टायफॉइडची विडाल चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून पहिल्या दिवसांत ही चाचणी रोग असूनही 'नाही' म्हणू शकते. उलट, पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे ती चुकीने 'आहे' असेही दाखवू शकते. तेव्हा काळजीपूर्वक काम करणाऱ्या डॉक्टरचेही निदान चुकू शकते, आणि कायदा नुसत्या चुकीला शिक्षा करत नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली होती का, हे तो पाहतो. गणिताचा पेपर तपासताना आपण उत्तराबरोबर रीतही पाहतो, तसेच हे आहे.

मुंबईतील एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. जुलै १९९२ मध्ये होमिओपॅथीची पदविका असलेल्या एका डॉक्टरने रुग्णाला आधी विषाणूजन्य तापाची औषधे दिली. ताप उतरेना, तेव्हा परिसरात टायफॉइड आहे म्हणून त्याची अ‍ॅलोपॅथीची औषधे सुरू केली. निदानाची खात्री करणाऱ्या चाचण्या केल्या नव्हत्या. रुग्ण दगावला. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १० मे १९९६ रोजी ३ लाख रुपये भरपाई दिली. ज्या शास्त्राचे शिक्षण घेतले नाही त्याची औषधे देणे हीच हयगय, असे न्यायालयाने म्हटले.

रीत चुकली हे दाखवायला कागद लागतात. केसपेपर, चिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल, औषधांची बिले तारखेनुसार लावून ठेवावीत. रुग्णालयाकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपायच्या असतात.

भरपाई हवी असेल तर ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्यातील 'सेवा' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरवले. परभणी जिल्ह्यातील रुग्ण उपचारासाठी नांदेड किंवा पुण्याला गेला, तरी २०१९ च्या कायद्यामुळे तो राहत्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या जिल्हा आयोगात, तक्रार करू शकतो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो.

जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ते रुग्णालय या कायद्यात येत नाही. तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेत टॉवेल पोटात राहून एक बाळंतीण दगावली. ती चूक निदानाची नव्हती. पण अशा हयगयीला सरकारही जबाबदार असते, हे त्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

डॉक्टरच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते, भरपाई मात्र देत नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

पोलिसांत जाण्याचा मार्ग सर्वांत अरुंद. त्यासाठी हयगय अत्यंत गंभीर असावी लागते, आणि पोलिसांनी कारवाईपूर्वी शक्यतो सरकारी सेवेतील तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. मृत्यू झाल्यास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. वैद्यकीय उपचार करताना घडलेल्या अशा गुन्ह्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कुठेही जाण्यापूर्वी ते कागद त्याच शाखेच्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावेत. त्या दिवशी, तेवढ्या लक्षणांवरून, आणखी कोणती तपासणी व्हायला हवी होती, हे त्यांना विचारावे. तक्रार करायची की नाही, हे बहुधा त्या उत्तरावरूनच ठरते.