इंग्रजीचा एक ‘नो’ आणि जर्मनचे तीन शब्द



माध्यमिक शाळेत जर्मन विषय घेणारी मुलं आता बऱ्याच घरांत दिसतात. ही मुलं शब्दार्थ पाठ करताना वहीत दोन रकाने पाडतात : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे जर्मन. एका शब्दासमोर एकच शब्द! पण काही शब्द या रकान्यांत मावतच नाहीत. त्यातला एक म्हणजे जाणणे या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘नो’.

ही तीन वाक्यं बघा.

१) तो कुठे राहतो, ते मला माहीत आहे.
२) मी त्याला ओळखतो.
३) मला जर्मन येतं.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय नो’ चालतं. जर्मनमध्ये मात्र तीन वेगळी क्रियापदं लागतात :

विस्सेन – माहिती असणे. ‘इश वाइस, वो एर वोन्ट.’
केनेन – ओळख किंवा परिचय असणे. ‘इश केने इन.’
क्योनेन – एखादी गोष्ट करता येणे. ‘इश कान डॉइच.’

आता गंमत लक्षात आली का? इंग्रजीत जो फरक दिसत नाही, तो आपल्या मराठीत आधीच आहे! माहीत असणे, ओळखणे आणि येणे. पोहायचं कसं हे माहीत असणं वेगळं आणि पोहता येणं वेगळं, हे आपल्या पहिलीतल्या मुलालाही कळतं. म्हणून मूल अडलं की त्याला विचारा, “हे मराठीत कसं म्हणशील?” बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. परकी भाषा शिकताना मातृभाषा बाजूला ठेवायची, असं काही पालकांना वाटतं. इथे तर तीच मदतीला येते.

पण मराठीवरही डोळे झाकून विसंबू नका. “मला हे गाणं माहीत आहे” असं आपण म्हणतो, पण गाणं ऐकलेलं, परिचयाचं आहे असं सांगायचं असेल तर जर्मनमध्ये केनेन येतं. “आवाजावरून मी त्याला ओळखलं” इथे केनेन नाही, तर एरकेनेन लागतं. आणि कविता तोंडपाठ असेल तर क्योनेन.

मुलांना सांगायला एक सोपी खूण आहे. जर्मन वाक्यात पुढे ‘की’, ‘कुठे’, ‘का’, ‘केव्हा’ असं जोडवाक्य येत असेल तर विस्सेनच वापरायचं. केनेनच्या पुढे असं वाक्य येत नाही. तिथे माणूस, गाव, पुस्तक असं थेट नाम लागतं. काही वेळा दोन्ही चालतात. उदाहरणार्थ, ‘रस्ता माहीत असणे’ विस्सेननेही सांगता येतं आणि केनेननेही.

हा फरक फक्त व्याकरणाचा नाही बरं का! तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1912 च्या ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ या पुस्तकात ज्ञानाचे दोन प्रकार समजावताना विस्सेन आणि केनेन याच जोडीचा दाखला दिला आहे. एखाद्या गोष्टीविषयी सत्य माहीत असणं आणि त्या गोष्टीचा थेट परिचय असणं, हे दोन्ही इंग्रजीत एकाच शब्दात येतं. म्हणून त्यांना दुसऱ्या भाषांचा आधार घ्यावा लागला.

शब्दांचं नातंही मोठं सुंदर आहे. विस्सेन आणि आपले विद्या, वेद हे शब्द एकाच प्राचीन मुळातले. केनेन, क्योनेन, इंग्रजी नो आणि आपलं ज्ञान, जाणणे यांचंही मूळ एकच. म्हणजे हे शब्द परके वाटले तरी दूरचे नातेवाईकच आहेत!

वर्गात किंवा घरी करून बघा : मुलांना ही चार वाक्यं द्या आणि योग्य क्रियापद निवडायला सांगा.

- बर्लिन राजधानी आहे, हे तिला माहीत आहे. (विस्सेन)
- मी तुझ्या बहिणीला ओळखते. (केनेन)
- त्याला पोहता येतं. (क्योनेन)
- ती का आली नाही, ते मला माहीत आहे. (विस्सेन)

उत्तर बरोबर आलं तरी “हेच का?” असं नक्की विचारा. कारण सांगता आलं, तर समजा मुलाला फरक कळला. आणि वहीत इथून पुढे शब्दासमोर नुसता शब्द न लिहिता एक छोटं वाक्य लिहायची सवय लावा. शब्दाचा अर्थ वाक्यातच उलगडतो, मग भाषा जर्मन असो, इंग्रजी असो की आपली मराठी.