कोकरू एकाचे, लांडगा सर्वांचा

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत शेतीचा हिशेब पावसावर आणि घराचा हिशेब जनावरांवर चालतो. बाजरी बुडाली तरी शेळी विकून मुलाची फी भरता येते आणि अंड्यांच्या पैशांतून आठवड्याच्या बाजाराचा मीठमिरचीचा खर्च निघतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर इतकी उतरली होती. एवढ्याशा कोरडवाहू तुकड्यावर कुटुंब पोसले जात नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या व सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आढळल्या. यांपैकी पुष्कळशा जनावरांचे मालक मोठे कळपवाले नसून चार-आठ जनावरे राखणारे अल्पभूधारक व भूमिहीन मजूर आहेत. ज्याला बँकेत ठेव ठेवणे परवडत नाही, त्याची ठेव गोठ्यात बांधलेली असते.

या ठेवीवर रात्री डल्ला पडतो. कोल्हा कोंबडी उचलतो, लांडगा कोकरू नेतो आणि सकाळी घरधनिणीच्या हाती चार पिसे किंवा तुटलेला दोर तेवढा उरतो. वाघ-बिबट्याच्या हल्ल्याची बातमी होते. या चोरीची होत नाही. पण पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळरानांवर ती नित्याची आहे. तिच्यामागील प्रश्न वनखात्यापुरता मर्यादित नाही. सार्वजनिक हिताचा खर्च कोणी सोसावयाचा, हा अर्थकारणातील जुनाच प्रश्न येथे कोकराच्या रूपाने पुढे उभा राहिला आहे.

आरोपी कोण?

प्रथम आरोपी निश्चित केला पाहिजे. शाळेतील इंग्रजीच्या पुस्तकातील ‘फॉक्स’चे भाषांतर पिढ्यान्‌पिढ्या ‘कोल्हा’ असे होत आले आहे. वस्तुतः आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतील ‘जॅकल’ होय. ‘फॉक्स’ या कुळातील आपल्याकडील प्राणी म्हणजे खोकड. ते दोन-तीन किलो वजनाचे, झुबकेदार शेपटीचे, माळावर बिळे करून राहणारे जनावर आहे. उंदीर, टोळ, किडे, सरडे, बोरे यांवर त्याचा निर्वाह चालतो. मोकळी फिरणारी कोंबडीची पिल्ले ते क्वचित नेत असेल, परंतु वाढत्या कोकराला हात घालण्याची त्याची ताकद नाही. दहा किलोंच्या आसपास वजन असणारा कोल्हा कोंबडी सहज नेतो आणि नवजात करडू वा कोकरूही नेऊ शकतो. मोठी मेंढी पाडणे हे लांडग्याचे काम. याखेरीज दिवसाढवळ्या अंडी व पिल्ले पळविणारे मुंगूस आणि रात्री खुराड्यात शिरणारे रानमांजर आहेच.

या यादीतील एक नाव बहुधा घेतले जात नाही. ते गावातील मोकाट कुत्र्याचे. कुत्र्यांच्या टोळीने पाडलेली कितीतरी कोकरे लांडग्याच्या खात्यावर जमा होतात. कुत्रा कुठेही चावे घेतो, जनावर फाडतो आणि पुष्कळदा न खाताच सोडून जातो. लांडगा सामान्यतः गळा धरतो आणि लहान कोकरू उचलून दूर नेतो. खरा चोर न ओळखता योजलेला उपाय खर्च वाढवितो आणि नुकसान थांबवीत नाही. खोकडाची बिळे धूर देऊन बुजविणारा शेतकरी आपल्याच ज्वारीतील उंदरांना अभय देत असतो.

लहान कळपाचे गणित

लांडग्याने कळपातून आपला वाटा न्यावा, यात विशेष काही नाही, असे मानण्याची वृत्ती धनगर समाजात जुनी आहे. शहरातील निसर्गप्रेमी या सहिष्णुतेचे कौतुक करतात, आणि ते योग्यही आहे. तथापि त्या सहिष्णुतेला मोठ्या कळपाचा आधार होता, हे विसरता कामा नये. उदाहरणादाखल दोनशे मेंढ्यांचा वाडा घ्या. वर्षात दोन कोकरे गेली, तर त्या मेंढपाळाचे नुकसान शेकडा एकाच्या आसपास राहील. आता आठ मेंढ्यांच्या शेतकऱ्याचा हिशेब मांडा. वर्षाला आठ कोकरे झाली, त्यांतील दोन कळप टिकविण्यासाठी ठेवली, तर विक्रीस सहा उरतात. त्यांतील दोन लांडग्याने नेली की विक्रीचे एक तृतीयांश उत्पन्न बुडाले. लांडगा दोघांकडून सारखाच कर घेतो. पहिल्याला तो जकातीसारखा वाटतो, दुसऱ्याला जप्तीसारखा.

संरक्षणाच्या खर्चाचेही तसेच आहे. एका मेंढीस रात्री एक चौरस मीटर जागा लागते असे धरू. नऊ मेंढ्यांसाठी तीन मीटर बाजूचा चौकोन हवा आणि त्याला बारा मीटर जाळी लागेल. एकशे चव्वेचाळीस मेंढ्यांसाठी बारा मीटर बाजूचा चौकोन पुरतो आणि जाळी लागते अठ्ठेचाळीस मीटर. जनावरे सोळापट झाली, जाळी चौपटच वाढली. म्हणजे लहान शेतकऱ्याला दर जनावरामागे मोठ्याच्या चौपट जाळी विकत घ्यावी लागते. राखणदारीचे गणित याहून कठीण आहे. रात्रीचा एक जागता माणूस दोनशे मेंढ्यांना जेवढा लागतो तेवढाच आठ मेंढ्यांना लागतो आणि आठ मेंढ्यांचा मालक सकाळी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जावयाचा असतो.

उपाय जुने आणि नवे

यावर उपाय नाहीत असे मात्र नाही. किंबहुना बरेचसे उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. फिरस्ते मेंढपाळ रात्री मेंढ्यांभोवती वाघूर लावतात. कुत्री बाहेरच्या अंगाला असतात. लहान कोकरे वेगळी कोंडली जातात. घरच्या कोंबड्या तिन्हीसांजेला डालग्याखाली झाकण्याची रीतही याच अनुभवातून आली. शिकारी प्राण्यांची वर्दळ संध्याकाळी व पहाटे अधिक असते. म्हणून दिवेलागणीपूर्वी कोंबड्या आत घेणे आणि उजाडल्यावरच सोडणे, एवढ्या बिनपैशाच्या शिस्तीने अर्धे काम होते.

उरलेल्या अर्ध्या कामात जाळीची निवड महत्त्वाची आहे. बाजारात मिळणारी पातळ तारेची षट्‌कोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यास पुरते, कोल्ह्याला बाहेर ठेवण्यास नव्हे. दातांनी व पंजांनी ती फाटते. जाड तारेची, जोड पक्के केलेली जाळी महाग पडते, पण ती एकदाच घ्यावी लागते. कोल्हा जाळीवरून उडी मारण्यापेक्षा तिच्या मुळाशी उकरणे पसंत करतो. म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडावी, किंवा बाहेरच्या बाजूस फूट-दीड फूट आडवी पसरून तिच्यावर दगड रचावेत. खुराड्याला वरून छप्पर आणि दाराला बाहेरून कडी हवी. खुराड्यात शिरलेला प्राणी एक कोंबडी न नेता दहा मारून ठेवतो, तेव्हा लोक त्याला क्रूर म्हणतात. खरी गोष्ट अशी की, उघड्यावर एक कोंबडी पकडताच बाकीच्या उडून जातात आणि शिकार तेथेच थांबते. बंद जागेत भक्ष्य पळू शकत नाही आणि शिकाऱ्याची मारण्याची प्रेरणा पुन्हापुन्हा चेतविली जाते. अर्धवट बंदिस्त खुराडे उघड्या झाडापेक्षाही घातक ठरते ते यामुळेच.

मेंढ्या व्यायला आल्या की जोखीम सर्वाधिक असते. पडलेली वार, रक्त लागलेला पाचोळा आणि मेलेले पिल्लू उघड्यावर टाकणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण देणे होय. ते खोल पुरले पाहिजे. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बॉयलर कोंबड्यांच्या शेडवाल्यांना लागू आहे. मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी फेकून दिल्याने शेडवाल्याचा विल्हेवाटीचा खर्च वाचतो. पण त्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री व कोल्हे शेजारच्या गरिबाचे डालगे उलथवितात. एकाचा वाचलेला खर्च दुसऱ्याच्या माथी कसा बसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात शिकविताना सापडणार नाही.

राखणीच्या कुत्र्याविषयी अमेरिकेत १९७६ पासून रेमंड कॉपिंजर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. पिल्लू लहान वयापासून मेंढ्यांत वाढविले, तर ते त्यांनाच आपला कळप मानते, हे युरोपातील मेंढपाळांचे जुने ज्ञान त्यांनी पद्धतशीर तपासले. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बुलजवळच्या लहानशा बेटावरील पेंग्विनांचे परदेशातून आणलेल्या खोकडांपासून रक्षण करण्यासाठी २००६ पासून मारेम्मा जातीची कुत्री ठेवण्यात आली आणि त्यांचा उपयोग झाला. आपल्या धनगरी कुत्र्याकडे हा गुण परंपरेने आहेच. त्याला रेबीजची लस आणि पोटभर अन्न मात्र मिळाले पाहिजे. उपाशी राखणदार कधी चोर होईल याचा नेम नसतो. सौर ऊर्जेवरील ‘झटका’ कुंपणाचाही उपयोग होतो, कारण त्याचा धक्का क्षणिक असतो. याउलट कुंपणात घरची वीज सरळ सोडणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पाणी द्यायला निघालेल्या माणसाचा जीव घेणारे आहे.

विषाचा मार्ग

मेलेल्या जनावरात कीटकनाशक घालून ठेवण्याचा मार्ग स्वस्त वाटतो. परंतु विष भक्ष्यभेद जाणत नाही. त्याने घार मरते, तरस मरते, गावचे कुत्रे मरते. अमेरिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी पैशाने शिकारी प्राण्यांचा संहार चालविला. यलोस्टोनमधील शेवटचे लांडगे १९२६ च्या सुमारास मारले गेले. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनींवर या विषप्रयोगास बंदी घालावी लागली आणि १९९५ मध्ये त्याच यलोस्टोनमध्ये कॅनडाहून लांडगे आणून सोडावे लागले. मारण्याचा खर्च झाला आणि परत आणण्याचाही झाला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. कोल्हा व खोकड यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार द्वीपकल्पीय भारतात प्रौढ लांडगे तीन हजारांच्या थोडे वर असावेत. म्हणजे लांडगा वाघाइतकाच दुर्मिळ आहे. पण वाघाला १९७३ पासून स्वतंत्र प्रकल्प आहे, राखीव वने आहेत. लांडग्याचे घर असलेले माळरान सरकारी नोंदीत ‘पडीक’ ठरते. नान्नज, मयूरेश्वर यांसारखी अभयारण्ये सोडली तर चिंकारा व काळवीट यांना जागा उरलेली नाही. भक्ष्य गेले, कुरण गेले. कोकरू तेवढे समोर राहिले.

भरपाई कशाची?

भरपाईची तरतूद शासनाने केली आहे. लांडग्याने मारलेल्या मेंढी-शेळीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरावीक कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. मात्र त्यासाठी घटना तातडीने कळविली पाहिजे, मृत जनावर जागचे हलविता कामा नये आणि पंचनामा झाला पाहिजे. बिबट्याने मारलेल्या गाईच्या बाबतीत हे शक्य असते. लांडग्याने उचलून नेलेल्या कोकराचा पंचनामा कशाचा करावयाचा? जे नाहीसे झाले त्याचाच पुरावा मागणारा हा नियम आहे. दोन दिवसांची मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा गरीब माणूस नुकसान गिळतो. कोंबडीसाठी तर कोणी अर्ज करण्याच्या फंदातच पडत नाही. परिणामी नोंद होत नाही, नोंद नाही म्हणून तरतूद वाढत नाही आणि गिळलेला राग एखाद्या रात्री लांडग्याच्या गुहेतील पिल्लांवर निघतो.

स्वीडनने १९९६ पासून वेगळा विचार अवलंबिला. सामी लोकांच्या रेनडिअर पाळणाऱ्या वस्त्यांना मेलेल्या जनावरांची मोजदाद करून पैसे देण्याऐवजी त्यांच्या क्षेत्रात लिंक्स, वूल्व्हरीन या शिकारी प्राण्यांची किती वीण झाली, यावर रक्कम दिली जाऊ लागली. पंचनाम्याची कटकट टळली आणि शिकारी प्राणी जिवंत असण्यात वस्तीचा आर्थिक लाभ निर्माण झाला. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु तिच्यामागील तत्त्व घेता येईल. ज्या गावांच्या माळावर लांडग्याची गुहा टिकून आहे, त्या गावांना रात्रीच्या पक्क्या वाड्यांसाठी जाळी व मजुरी द्यावी. चार-पाच शेजाऱ्यांनी जनावरे एका वाड्यात कोंडली, तर वर मांडलेले जाळीचे व जागरणाचे गणितही त्यांच्या बाजूस झुकेल. कोकराच्या भरपाईस ग्रामसभेने दिलेला दाखला पुरेसा मानावा. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणाऱ्या शेडवाल्यांकडून दंड वसूल व्हावा आणि गावकुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण पंचायतीने नियमाने करावे.

यांपैकी कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही. एका लांब उड्डाणपुलाच्या खर्चात कितीतरी गावांचे वाडे उभे राहतील. लांडगा जगावा ही इच्छा मुंबई-पुण्यातील सुशिक्षितांची आहे, देशाच्या कायद्याची आहे आणि ती योग्यच आहे. मात्र ज्या इच्छेची किंमत दुसरा भरतो, ती इच्छा बाळगणे फार सोपे असते. लांडगा सर्वांचा असेल, तर त्याच्या जेवणाचे बिल एकट्या कोकरूवाल्याच्या नावे फाडणे न्यायाचे नाही.